वर्गातल्या दुभाषी ताईंनी फक्त भाषांतरच करायचं का?

सावळी

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझा मुलगा सहावीत आहे. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. आधी विशेष शाळेत होता, गेल्या वर्षापासून सर्वसाधारण शाळेत जातो. वर्गात त्याच्यासाठी सांकेतिक भाषेच्या दुभाषी ताई असतात. सर बोलतात ते ताई खुणांनी सांगतात, हा खुणांनी बोलतो ते ताई मोठ्यानं बोलून दाखवतात. गाडी बरी चालली होती.

परवा गणिताच्या चाचणीचा पेपर घरी आला. 'मूळ संख्यांना गोल करा' या प्रश्नात चिरंजिवांनी ९ आणि १५ लाही गोल केलाय. म्हणून वही उघडली. वहीत ७, ११ आणि १३ च्या खाली पेन्सिलीनं मुळं काढलेली. झाडाला असतात तशी, बारीक केसाळ. १३ ला तर चक्क सोटमूळ आणि त्याला फुटवे. मूळ संख्या म्हणजे मुळं असलेली संख्या! आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. याला वर्षभर असंच कळतंय की काय?

शाळेत गेले. ताई म्हणाल्या, "हो, मुळं मी पाहिली होती. सरांच्या कानावरही घातलं. पण त्याचं गणित बरोबर की चूक हे मी सांगणं माझ्या कामात बसत नाही." सर म्हणाले, "अहो, त्याची भाषा तुम्हाला येते, मला येत नाही. तुम्हीच समजावून टाकायचं ना!" दोघंही भली माणसं आहेत. आणि मी मध्ये.

मला खरंच कळत नाहीये. समोर बसलेल्या माणसाला चूक दिसते आणि तो गप्प राहतो, याला शिस्त म्हणायचं की अंग काढून घेणं? दुभाष्यानं थोडं शिकवलं, थोडं समजावलं तर बिघडतं कुठे? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा.

पावशेर

वाचतोय. १३ चं सोटमूळ फारच आवडलं. पोरगं हुशार आहे.

ओवी_के

यात प्रश्न कसला? दिसत असेल तर सांगायला हवं. डोळ्यांसमोर पोर खड्ड्यात चाललंय आणि 'माझ्या कामात बसत नाही' म्हणायचं? ताईंचा रागच आला मला.

खडूफळा

गणितच शिकवतो, त्यामुळे तुमच्या सरांच्या जागी मी स्वतःला बघू शकतो. आणि थोडी लाजही वाटते.

माझ्या वर्गात दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आणि तिच्या दुभाषी बाई होत्या. पहिले काही आठवडे माझं काय चुकतंय हे मला कळलंच नाही. मी त्या मुलीशी बोलायचोच नाही. बाईंकडे बघून म्हणायचो, "तिला विचारा, लिहून झालं का." बाई जसंच्या तसं खुणांनी सांगायच्या. म्हणजे मुलीला दिसायचं काय, तर 'तिला विचारा, लिहून झालं का.' एक दिवस मुलीनं खुणा केल्या आणि बाईंनी त्या शांतपणे आवाजात वाचल्या: "सर, कुणाला विचारू?" सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मुलीकडे बघून बोलायला शिकलो.

पण खरं सांगतो, 'तुम्हीच समजावून टाका' हे वाक्य माझ्याही तोंडून गेलंय. मागे पन्नास मुलं, घंटा व्हायला सात मिनिटं. त्यात आळस असतो असं नाही, पण सुटल्यासारखं नक्की वाटतं.

हातवारे

मी हेच काम करते. शाळांमध्ये अकरा वर्षं झाली. ओवी, राग बाजूला ठेवून वाचाल अशी आशा.

चूक दोन जातीची असते. एक माझी, एक मुलाची. 'मूळ संख्या' म्हणताना मी झाडाच्या मुळाची खूण केली असेल आणि त्यामुळे त्यानं मुळं काढली असतील, तर ती चूक माझ्या भाषांतराची. ती मीच दुरुस्त करायची, तिथल्या तिथे, सरांना थांबवून, "माझ्याकडून चुकीचं गेलं" असं मोठ्यानं सांगून. यात लाज बाळगायची नसते. पण माझी खूण बरोबर होती आणि तरी त्याला मूळ संख्या कळली नाही, तर ती शिकण्यातली अडचण आहे. ती सरांपर्यंत पोचायला हवी. मी मधल्यामध्ये मिटवली तर सरांना वाटणार, पोराला सगळं येतंय. पुढचा धडा त्यावरच चढवतील.

दुसरं म्हणजे, मला गणित किती येतं? मी भाषेची माणूस. सहावीपर्यंत निभावून नेईन. नववीत बीजगणित मी 'समजावून' सांगितलं आणि चुकीचं सांगितलं, तर ते कुणाच्या लक्षात येणार? वर्गात खुणा समजणारी माणसं दोनच, तो आणि मी. माझं शिकवणं तपासणारं तिथं कुणीच नसतं. ही गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर मी फारच सोवळी वाटेन. पहिली-दुसरीतल्या मुलाला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. बधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात खुणांची भाषा कुणाला येत नाही. कितीतरी मुलं शाळेत येतात तेव्हा त्यांच्याजवळ कुठलीच भाषा धड नसते. मग दुभाषी करणार काय? भाषांतर कशातून कशात? अशा वेळी भाषासुद्धा आमच्याकडूनच शिकतात, आणि ते खरं तर आमचं काम नाही, खुणांची भाषा येणाऱ्या शिक्षकाचं आहे. पण मुलाकडे बघून सांगायचं कसं की थांब, तुझ्या शिक्षकांची नेमणूक व्हायचीय?

सावळीताई, एक विचारते. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना बोलतात का?

ओवी_के

हातवारे, शब्द मागे घेते. 'मुलाला सगळं येतंय असं सरांना वाटणार' हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिरकस

दुभाष्याचं शिकवणं तपासणारं कुणी नसतं यावरून आठवलं. डिसेंबर २०१३, जोहान्सबर्ग, मंडेलांची श्रद्धांजली सभा. जगभरचे राष्ट्रप्रमुख बोलतायत आणि शेजारी उभा दुभाषी वाट्टेल ते हातवारे करतोय. (हातवारे, तुमच्याबद्दल नाही!) व्यासपीठावरच्या कुणालाच कळलं नाही. टीव्हीवर पाहणाऱ्या बधिर लोकांना पहिल्या मिनिटात कळलं.

हातवारे

तिरकस, ते आठवलं की आमच्या धंद्यातले सगळे अजून डोक्याला हात लावतात. ही खूण मात्र सगळ्यांना कळते.

पावशेर

मुद्द्याचं बोलतो. आता फोनमध्ये बोललेलं लिहून दाखवणारी सोय आलीय. बाकावर टॅब ठेवायचा, सर बोलतील ते अक्षरांत दिसेल. मध्ये माणूस कशाला? चार-पाच वर्षांत दुभाषी हा प्रकारच राहणार नाही असं माझं मत.

खडूफळा

पावशेर, करून पाहिलंय. 'अपूर्णांक'चं 'अपूर्ण अंक' झालं, तिथपर्यंत ठीक होतं. पण गणिताच्या तासाला मी खरंच काय बोलतो ते त्या दिवशी टॅबवर वाचलं: "आता हे इथून उचललं, तिकडं टाकलं, चिन्ह बदललं, हा याला मारतो, उरलं काय?" अक्षर न् अक्षर बरोबर होतं. अर्थ शून्य. कारण 'हे', 'तिकडं' आणि 'हा' फळ्यावर होते आणि मुलगी टॅबकडे बघत होती.

शांतता_राखा

नाव बघून कुणी मला शाळेतला पहारेकरी समजू नये. मी बधिर आहे, म्हणून गंमत. वय ३४. मूकबधिर नाही. मूक तर मुळीच नाही, घरच्यांना विचारा.

पावशेर, अक्षरं मलाही आवडतात, सभांमध्ये तीच मागतो. पण अक्षरं एका दिशेनं येतात. मला उलट बोलायचं असेल तर? आणि पहिलीतलं पोर, ज्याला अजून वाचता येत नाही, ते त्या टॅबवर काय बघणार?

ओठ वाचण्याचा सल्ला कुणी देण्याआधीच सांगतो. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न करता म्हणा: पान, बाण, मान. आता सांगा कोणतं कोणतं.

मूळ प्रश्नाबद्दल. मला पाचवी ते दहावी एकच दुभाषी बाई होत्या. फार मायाळू. मला अडलं की त्या समजावून सांगायच्या, सोपं करून सांगायच्या, शिक्षकांनी दिलेली पाच उदाहरणं गाळून दोन सांगायच्या. परीक्षेआधी घरी बोलवायच्या. मला मार्क चांगले पडायचे. सावळीताई, तुम्हाला हव्यात तशाच बाई होत्या त्या.

कॉलेजात नवे दुभाषी आले. ते फक्त बोललेलं सांगायचे, सगळंच्या सगळं, प्राध्यापकांच्या कंटाळवाण्या आठवणींसकट. पहिल्या आठवड्यात मला काही कळलं नाही, मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "सरांना विचार, मी बोलून दाखवतो." माझा हात वर जाईना. खोटं वाटेल, पण मला घाम फुटला. मी आयुष्यात एकाही शिक्षकाला प्रश्न विचारला नव्हता. त्याची कधी गरजच पडली नव्हती.

अजून एक. शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाचा चेहरा मला आठवत नाही. सहा वर्षं मी एकाच चेहऱ्याकडे बघत होतो. इतिहास, विज्ञान, भूगोल, सगळे विषय मला एकाच बाईंनी शिकवले असं वाटतं. त्यांच्यावर माझा जीव आहे, आजही भेटतो. पण माझी शाळा त्यांच्याएवढीच होती.

सावळी

शांतता_राखा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. काय लिहू सुचत नाहीये. थोडा वेळ द्या.

मनमौजी_७१

शांतता_राखा, तुम्ही इतकं सुंदर मराठी लिहिता! बधिर असून इतकं चांगलं कसं जमतं?

शांतता_राखा

धन्यवाद. तुम्ही ऐकू येत असून इतकं चांगलं लिहिता, तेही कौतुकास्पद आहे.

(हलके घ्या. हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा येतो, उत्तर तयार असतं.)

तिरकस

फुटलो.

पावशेर

पान-बाण-मान करून पाहिलं. बायको दारातून विचारतेय, आरशाशी काय भांडतोयस. मत बदललं नाही, पण चार-पाच वर्षांचं दहा-पंधरा करतो.

निरंजना

थोडा वेगळा सूर लावते, रागावू नका. माझ्या मुलीला दीड वर्षाची असताना कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रिया करून बसवतात ते यंत्र) बसवलं. ती बोलते, ऐकते, आता आठवीत आहे. आम्ही खुणा शिकवल्या नाहीत, दुभाषीही घेतले नाहीत. शिक्षकांच्या गळ्यात एक छोटा माईक असतो, त्याचा आवाज थेट तिच्या यंत्रात येतो. मुलांना ऐकण्या-बोलण्याची सवय लावायची सोडून दुभाष्याची सवय लावतोय, असं नाही का होत?

माईकची गंमत सांगते. एकदा एक बाई तास संपल्यावर माईक न काढताच शिक्षकांच्या खोलीत गेल्या. कन्येला मुख्याध्यापकांबद्दलची सर्व मतं घरबसल्या, म्हणजे वर्गबसल्या, कळली.

हातवारे

निरंजना, मुलीचं छान चाललंय हे वाचून बरं वाटलं. पण इम्प्लांटनं सगळ्यांना सारखं ऐकू येत नाही, आणि गोंगाटात, गटचर्चेत, चार मुलं एकदम बोलायला लागली की चांगलं ऐकणाऱ्यांचीही दमछाक होते. माईक सरांच्या गळ्यात असतो, मागच्या बाकावरच्या मुलाच्या नाही. माझ्याकडे इम्प्लांट असलेली दोन मुलं आहेत. सरांचं ऐकतात आणि गटचर्चा सुरू झाली की माझ्याकडे वळतात. एक सोय घेतली म्हणून दुसरी टाकून द्यायची असं थोडंच आहे?

निरंजना

गटचर्चेचं खरं आहे. संध्याकाळी घरी आली की यंत्र काढून तासभर गप्प पडून असते. आम्ही त्याला 'चार्जिंग' म्हणतो. दमणूक असेल हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली.

अण्णा_मास्तर

निवृत्त आहे, बधिर मुलांच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे माझं मत जुनाट वाटल्यास सोडून द्यावं.

सगळे दुभाष्यानं काय करावं यावर बोलतायत. मी म्हणतो दुभाषी लागावाच का? शिक्षकालाच खुणांची भाषा यायला हवी. ४० ऐकणाऱ्या मुलांत एक बधिर मूल आणि एक दुभाषी बसवायचे आणि त्याला समावेशक म्हणायचं. समावेश कुणाचा झाला? ते मूल त्या एका बाईंमध्ये समाविष्ट झालं, वर्गात नाही. शांतता_राखा यांनी तेच लिहिलंय.

आमच्या पिढीनं काय पाप केलं तेही सांगतो. १८८० साली मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि ठराव झाला की शाळांतून खुणा हद्दपार, फक्त तोंडी भाषा. १६४ प्रतिनिधी होते, त्यांत बधिर एक. त्या ठरावाची सावली शंभर वर्षं राहिली. मी नोकरीला लागलो तेव्हा आम्हीही मुलांना हात मागे बांधून बसायला लावायचो. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेनं ते ठराव नाकारले आणि खेद व्यक्त केला. तोवर मी निवृत्त झालो होतो.

पण हात बांधून भाषा जात नाही. आमच्या शाळेत मुलं वर्गात 'प, प, प' करायची आणि मधल्या सुट्टीत मैदानावर नुसता हातांचा पाऊस. निकाराग्वात तर याहून मोठं घडलं. १९७७ नंतर तिथे बधिर मुलांना पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं एका शाळेत आणलं, १९८३ पर्यंत दोन शाळा मिळून चारशेच्या वर मुलं झाली. वर्गात त्यांना ओठ वाचायला शिकवत होते, ते काही जमत नव्हतं. आणि मैदानात, शाळेच्या बसमध्ये मुलांनी आपसांत एक नवी सांकेतिक भाषा उभी केली. कुणी शिकवली नाही. पुढे भाषाशास्त्रज्ञ ती अभ्यासायला आले. सांगायचं म्हणजे, मुलाला मुलं लागतात. दुभाषी कितीही चांगला असला तरी तो मित्र नव्हे.

शांतता_राखा

अण्णा, मित्रांबद्दल शंभर टक्के. मधल्या सुट्टीत दुभाषी बाईंचीही सुट्टी असायची, बरोबरच आहे, त्यांचेही हात दुखतात. पण शाळेतलं खरं बोलणं त्या सुट्टीतच होतं ना. आणि वर्गातला विनोद माझ्यापर्यंत पोचेपर्यंत बाकीचे हसून गप्प झालेले असायचे. मग मी एकटा हसायचो, आणि त्याला सगळे हसायचे.

मात्र 'दुभाषी लागावाच का' इथे असहमत. बधिर शाळेत मी चौथीपर्यंत होतो. मित्र भरपूर, अभ्यास नावाला. चौथीत आम्ही दुसरीची पुस्तकं वाचत होतो. दोन्हीकडचं अर्धं अर्धं मिळालं मला.

अण्णा_मास्तर

ते बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं.

रानवारा

कायद्याचा विद्यार्थी, त्यामुळे नाक खुपसतो. 'दुभाषी लागतो का' हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९८२, रोली खटला. एमी रोली ही पहिलीतली बधिर मुलगी, तिच्या आईवडिलांनी वर्गात दुभाषी मागितला. न्यायालय म्हणालं, मुलगी पास होतेय, वरच्या वर्गात जातेय, तेव्हा दुभाषी देणं शाळेवर बंधनकारक नाही. वर्गातलं बरंच बोलणं तिच्यापर्यंत पोचत नाही हे खालच्या न्यायालयानं मान्य केलेलं होतं. तरीही. यातली मेख अशी की तिची बाजू मांडणारे वकील चॅटॉफ स्वतः बधिर होते आणि त्यांना न्यायाधीशांचे प्रश्न कळावेत म्हणून न्यायालयानं समोर पडदा ठेवू दिला होता, त्यावर बोललेलं लगोलग अक्षरांत उमटत होतं! वकिलाला सोय मिळाली, अशिलाला नाही.

दुसरा खटला २०२३ चा, पेरेझ विरुद्ध स्टर्जिस. मिशिगनमधल्या या बधिर मुलाला शाळेनं वर्षानुवर्षं सांकेतिक भाषा धड न येणारे मदतनीस दिले. मार्क मात्र चांगले देत राहिले. शिक्षण संपायच्या सुमारास घरच्यांना कळलं की याला शाळा उत्तीर्ण झाल्याचा डिप्लोमाच मिळणार नाही. नुकसानभरपाईचा दावा करायला त्याला सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं वाट मोकळी करून दिली.

आणि अण्णा, तुमच्या मुद्द्याला बळ: संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या करारातल्या कलम २४ मध्ये सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमावेत, त्यात अपंग शिक्षकही असावेत, असं स्पष्ट म्हटलंय.

ओवी_के

मार्क चांगले देत राहिले, हे फार भयंकर आहे.

खडूफळा

परीक्षेवरून एक शंका, हातवारे यांना. भाषेच्या बाई श्रुतलेखन घेतात तेव्हा तुम्ही काय करता? नावातच 'श्रुत' आहे!

हातवारे

वा, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. एकेक अक्षर बोटांनी दाखवलं तर पेपरच फोडला. नुसती खूण केली तर ऱ्हस्व-दीर्घ कळणार कुठून, आणि एकाच खुणेला मराठीत तीन शब्द असतात, त्यातला कुठला लिहायचा? मी बाईंना आधीच गाठते: याच्यासाठी चित्र दाखवा किंवा गाळलेले शब्द भरायला द्या.

भूमितीत तर मजाच. "त्रिकोणाला बाजू किती?" हा तोंडी प्रश्न. त्रिकोणाची खूण म्हणजे हवेत बोटानं तीन रेघा! प्रश्नातच उत्तर. "नाक दाखव" म्हटलं तर खूण करताना मीच नाकाला बोट लावणार. अशा वेळी आकृती किंवा लिहिलेला शब्द वापरायला लागतो. परीक्षा घेणाऱ्याला हे सुचत नाही, कारण त्याला खुणा दिसतात, वाचता येत नाहीत.

शब्दांचीही ओढाताण असते. भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी कोश २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्दांवर गेला, तरी धडा सुरू असताना रोज एखादा शब्द अडतोच. मग मी आणि मूल मिळून तात्पुरती खूण ठरवतो. दुसऱ्या शाळेतल्या मुलाची वेगळी ठरते. पुढे दोघं भेटले की वाद!

आणि शाळेत मला सलग पाच-सहा तास एकटीला करावं लागतं. परिषदांमध्ये दर वीसेक मिनिटांनी दुभाषी बदलतात, कारण त्यानंतर डोकं थकतं आणि चुका वाढतात. दुपारच्या तासाला माझ्याकडून काय काय गळतं याचा हिशोब कुणीच ठेवत नाही. मनगट तर कामातून गेलंय.

सावळीताई, माझा प्रश्न राहिलाच. सर लिहिताना बोलतात का?

सोनसाखळी

अवांतर: सांकेतिक भाषा जगभर एकच असते ना? मग कोश कशाला वेगळा?

शांतता_राखा

नसते. अमेरिकेतले आणि ब्रिटनमधले बधिर एकमेकांना सहज कळत नाहीत. अमेरिकेची खुणांची भाषा फ्रेंच खुणांच्या जवळची, कारण १८१७ साली हार्टफर्डला शाळा निघाली तेव्हा शिकवायला लॉरेंट क्लर्क पॅरिसहून गेले होते. तेही बधिर. बोलणारे सगळे एकच भाषा बोलतात का?

सोनसाखळी

पटलं. ज्ञानात भर.

मनमौजी_७१

शांतता_राखा, मघाच्या प्रश्नाबद्दल माफी. वाईट हेतू नव्हता.

शांतता_राखा

माहीत आहे हो. तुमचं उत्तर न आल्यामुळे मीच अस्वस्थ होतो.

सावळी

पाच दिवसांनी येतेय. इतकं सगळं लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार.

हातवारे, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं, म्हणून एक गोष्ट केली जी खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवी होती. लेकालाच विचारलं. मी सरांशी बोलले, ताईंशी बोलले, इथे धागा काढला, आणि ज्याची वही त्यालाच विचारलं नव्हतं.

वही समोर ठेवली, ७ वर बोट ठेवलं, विचारलं, ही मुळं कसली? तो माझ्याकडे असा बघायला लागला की आईला एवढंही कळू नये. मग त्यानं ६ लिहिला, दोन्ही हातांनी उपटल्याचा अभिनय केला आणि दोन तळवे उघडून दाखवले. एकात २, एकात ३. मग ७ उपटायला गेला. जोर लावला, चेहरा लाल केला, दात ओठ खाल्ले, ७ काही येईना. 'तुटत नाही. म्हणून मुळं.'

मूळ संख्या त्याला कळली होती. माझ्यापेक्षा बरी कळली होती.

मग ९ ला गोल का? ९ च्या खाली वहीत मुळं नाहीतच, ते माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. ९ तुटतो ना? हो, म्हणाला, ३ आणि ३. मग? त्यानं वहीचं मागचं पान काढलं. तिथे फळ्यावरून उतरवलेलं वाक्य: '२ सोडून सर्व मूळ संख्या विषम असतात.' सरांनी फळ्यावर लिहिलंय म्हणजे तेच खरं असणार, म्हणून पेपरात सगळ्या विषम संख्यांना गोल.

दुसऱ्या दिवशी ताईंना विचारलं. त्यांना तो तास आठवत होता. सर वाक्य लिहितालिहिताच बोलले होते, "पण म्हणून सगळ्या विषम संख्या मूळ नसतात हां, ९ बघा, १५ बघा." ताईंनी ते सगळं खुणांनी सांगितलं. तेव्हा हा खाली मान घालून फळ्यावरचं उतरवत होता. हातवारे, तुम्ही न बघता ओळखलंत.

हातवारे

ओळखलं कसलं, रोज बघते. बाकीची मुलं हातानं लिहितात आणि कानानं ऐकतात. याचे डोळे एकच. फळा, वही आणि मी, तिघांमध्ये वाटून घ्यायचे. मान खाली असताना मी कितीही छान खुणा केल्या तरी त्या हवेत जातात. मी तेवढ्यापुरती थांबते आणि मान वर आली की भरभर मागचं सांगते, पण तोवर सर पुढच्या वाक्यावर.

आणि ताईंच्या वतीनं एक शंका: त्या मुळांबद्दल त्यांनी सरांना सांगितलं ते बरोबर केलं, पण मुलाला 'हे काय आहे' एवढं विचारायला हरकत नव्हती. विचारणं म्हणजे शिकवणं नव्हे. हे मी स्वतःलाही सांगतेय.

खडूफळा

'७ उपटून येत नाही.' सोमवारी वर्गात हेच वापरणार. चोरी समजा.

सरांना माझ्याकडून सांगा, लिहिताना गप्प राहणं सुरुवातीला फार जड जातं. वर्गात गोंगाट होईल असं वाटतं. होतोही. पण प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच अंक मोजून मगच कुणाचा हात घ्यायचा हे जमवलंत तर त्याचाही हात दिसेल. ऐकू येणारी, पण जरा सावकाश विचार करणारी माझी चार मुलंही त्यामुळे बोलायला लागली.

अण्णा_मास्तर

हे सगळं सरांना त्या मुलाच्या भाषेतली दहा वाक्यं येत असती तर त्याच तासाला उलगडलं असतं. एवढं बोलून गप्प बसतो.

सावळी

अण्णा, सर शिकतायत. 'मान वर कर' ही खूण पहिली शिकले. लेक म्हणतो, सरांचे उच्चार वाईट आहेत. (खुणांचे उच्चार!)

ठरलंय ते असं. लिहिताना बोलायचं नाही, हे सर दिवसातून चारदा विसरतात आणि ताई हात वर करून आठवण करतात. ताई समजावणार नाहीत, पण त्याला विचारायचं असेल तर आधी सरांकडे बघ, मग खूण कर, असं त्याच्याशी ठरवलंय. काल त्यानं पहिला प्रश्न विचारला. सरांना, सगळ्यांसमोर. प्रश्न होता, '१ ला मुळं का नाहीत?'

पावशेर

आणि सरांनी काय सांगितलं?

सावळी

म्हणाले, उद्या सांगतो.

तिरकस

सर आपलेच.

शांतता_राखा

सावळीताई, १३ च्या सोटमुळाचा फोटो टाका ना इथे.

सावळी

त्याला विचारून टाकते. वही त्याची आहे.